रुग्णवाहिकेवर जावे काय?
सम्यक आजीविकेचा एक प्रश्न



वरंधमधील एका बौद्ध कुटुंबाची कल्पना करा. घरातील मुलगा बारावी होऊन महाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागला आहे. सहा-सात वर्षे झाली, पगार वेळेवर येतो, जेथे कौले गळत होती तेथे आता स्लॅब पडला आहे. एके दिवशी जेवताना तो सांगतो की, ही नोकरी सोडून रुग्णवाहिकेवर जावे, अपघातात सापडलेल्यांना, साप चावलेल्यांना, अडलेल्या बाळंतिणींना वाटेत सांभाळून दवाखान्यात पोचविण्याचे काम शिकावे, असे मनात आहे. घरात सगळे गप्प होतात. मग आजी म्हणते, "आमच्या सासऱ्यानं मेलेली ढोरं ओढली, मर्तिकाचा सांगावा घेऊन रातचं रानातनं पळाला. बाबासाहेबांनी त्यातनं सोडवलं. आता तू परत रगतात हात घालणार?" वडील विचारतात, "पोरांच्या शिक्षणाचं काय?" बायको म्हणते, "पावसात घाटात गाडी घेऊन जायचं, आणि तुम्हांलाच काही झालं तर?" मुलगा एवढेच उत्तर देतो की, दर रविवारी विहारात आपण करुणेचे नाव घेतो, ती करुणा कोठे तरी कामाला यायला नको काय?

या चौघांपैकी एकाचेही बोलणे उडवून लावण्यासारखे नाही. आजीच्या बोलण्यात आपला इतिहास आहे, वडिलांच्या बोलण्यात गृहस्थधर्म आहे, पत्नीच्या बोलण्यात रास्त भीती आहे आणि मुलाच्या बोलण्यात धम्म आहे. असा प्रश्न तुमच्या घरात आज नसेल, उद्या येईल. मुलगा म्हणून येईल किंवा मुलगी म्हणून येईल. तेव्हा त्याचा शांतपणे विचार करून ठेवणे बरे.

काम हीन की सक्ती हीन?

प्रथम आजीचा प्रश्न घेऊ, कारण तो सर्वांत खोल आहे. वतनाच्या नावाखाली आपल्या पूर्वजांवर जी कामे लादली होती, त्यांत गावचे मेलेले जनावर ओढून नेणे होते आणि मृत्यूचा निरोप परगावी पायी पोचविणेही होते. वरंधपासून थोड्याच अंतरावर, महाडात, १९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याचे पाणी तेथे प्राशन झाले हे आपल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे; परंतु त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडा, उष्ट्या तुकड्यांची आशा सोडा, स्वाभिमानाने जगा, असा उपदेश केला हेही तितकेच महत्त्वाचे आहे. आपल्या वाडवडिलांनी तो ऐकला आणि ती कामे टाकली. टाकताना त्यांनी मार खाल्ला, बहिष्कार सोसले. आजीचे शब्द त्या सोसण्यातून आले आहेत.

पण बाबासाहेबांचा आक्षेप नेमका कशाला होता? रक्ताला हात लागणे हेच हीन असेल, तर शस्त्रक्रिया करणारा सर्जन सर्वांत हीन ठरेल आणि बाळंतपण करणारी डॉक्टरीणबाई त्याच्या खालोखाल. तसे कोणी म्हणत नाही. १९३६ साली लिहिलेल्या 'जातिनिर्मूलना'त बाबासाहेबांनी दाखवून दिले की, जात ही केवळ कामांची वाटणी करून थांबत नाही. ती काम करणाऱ्या माणसांचीच उतरंड लावते, आणि लावताना माणसाची आवड व कुवत विचारीत नाही. म्हणजे कलंक कामाला चिकटलेला नव्हता. जन्मावरून काम ठरणे, ते नाकारण्याची मुभा नसणे, त्याच्या बदल्यात वेतनाऐवजी शिळी भाकर मिळणे आणि ते काम करतो म्हणून माणूस विटाळ मानला जाणे, हा खरा कलंक होता.

म्हणून कोणत्याही कामापुढे उभे राहून तीन प्रश्न विचारावेत. हे काम मी नाकारू शकतो काय? या कामाला विद्या लागते काय, आणि ती विद्या मला दिली जाते काय? या कामाचा ठरलेला पगार, पद आणि मान मला इतरांसारखाच मिळतो काय? तिन्ही उत्तरे 'होय' आली, तर ते काम वतनाचे नाही. मग त्यात रक्त असो की माती असो.

भगवान बुद्धांच्या चरित्रातला एक प्रसंग येथे आठवावा. विनयपिटकाच्या महावग्गात तो आला आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्या मलमूत्रात पडला होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नसे, म्हणून इतर भिक्खूंनी त्याच्याकडे पाठ फिरविली होती. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले. मग एकाने डोक्याकडून आणि दुसऱ्याने पायांकडून धरून दोघांनी त्याला उचलले आणि खाटेवर निजविले. त्यानंतर त्यांनी भिक्खूसंघाला समजावले की, तुम्हांला आता आईबाप नाहीत, तुम्ही एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहणार. आणि माझी सेवा करू इच्छिणाऱ्याने आजाऱ्याची सेवा करावी. शाक्यकुळातला राजपुत्र एका आजाऱ्याला डोक्याकडून धरून उचलतो, ही गोष्ट आजीला सांगा. तिला ती पटेल. जखमी माणसाला मान न हलू देता दोघांनी मिळून उचलणे, हा रुग्णवाहिकेवरच्या शिक्षणातला एक पहिला धडा आहे.

त्याच वेळी आजीच्या शंकेतला खरा भाग विसरू नका. जात नव्या कपड्यांत येते. रुग्णवाहिकेवर मदतनीस म्हणून घ्यावयाचे आणि आडनाव पाहून गाडी धुणे, प्रेत उतरविणे, शवागारात थांबणे एवढेच एकाच्या वाट्याला टाकावयाचे, असे कोठे होत असेल तर ते जुनेच वतन आहे. गाडी सर्वांनी पाळीपाळीने धुवावी, मग तुम्हीही आनंदाने धुवा. एकट्याने धुवावी असा रिवाज पडू लागला तर पहिल्याच आठवड्यात तोंड उघडा. आणि म्हणूनच या कामात शिरावयाचे तर मदतनीस म्हणून मागच्या दाराने शिरू नका. शिक्षण, प्रमाणपत्र आणि नेमणुकीचा कागद हातात घेऊन पुढच्या दाराने शिरा.

चाळीसगावचा टांगा

आता मुलाच्या करुणेचा विचार करू. करुणा असली की काम साधते काय?

२३ ऑक्टोबर १९२९ रोजी बाबासाहेब चाळीसगावला उतरले. स्टेशनवर आपल्या समाजाची मंडळी त्यांना न्यावयास आली होती. महारवाड्यापर्यंत टांगा हवा होता. पण अस्पृश्याचा टांगा हाकणे हा टांगेवाल्यांना कमीपणा वाटला. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मात्र आपल्यातलाच एक जण बसला. त्याने पूर्वी टांगा हाकला नव्हता. वाटेत नदीवरच्या फरशीवर चाक दगडात अडकले. बाबासाहेब फेकले गेले, घोडा आणि टांगा नदीत पडला. बाबासाहेबांचा पाय मोडला, ते कित्येक दिवस अंथरुणाला खिळून राहिले. पुढे हा प्रसंग लिहिताना त्यांनी त्या मंडळींना दोष दिला नाही, पण एक गोष्ट स्पष्ट नोंदवली. पाहुण्याला पायी चालवणे कमीपणाचे होईल, म्हणून त्यांनी त्याची सुरक्षितता बाजूला ठेवली होती.

या घटनेत दोन धडे आहेत. टांगेवाल्यांच्या नकारात जातीचे विष दिसते, हा पहिला. दुसरा आपल्याला अधिक बोचणारा आहे. प्रेम होते, आदर होता, निष्ठा होती; फक्त लगाम धरण्याची विद्या नव्हती, आणि तेवढ्याने बाबासाहेबांचा जीव धोक्यात आला. प्रज्ञेवाचून करुणा अशीच फरशीवर अडकते. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात प्रज्ञा आणि करुणा यांना धम्माचे दोन आधारस्तंभ मानले, ते उगाच नव्हे.

घाटात एखादी जीप पालथी होते तेव्हा लोक धावतात. ही त्यांची माणुसकी. पण धावलेले लोक जखमी माणसाला दोन्ही हात धरून काचेतून ओढतात, तोंडात पाणी ओततात, उठवून बसवतात. मणक्याला इजा झालेली असेल तर त्या ओढण्याने माणूस जन्माचा पांगळा होतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घातले तर ते श्वासनलिकेत जाऊन त्याचा जीव जाऊ शकतो. साप चावला की कोणी जखम कापतो, कोणी तोंडाने विष ओढतो, कोणी पायाला दोरी आवळतो, कोणी भगताकडे नेतो. यांतली प्रत्येक गोष्ट आपुलकीने केली जाते आणि प्रत्येक गोष्ट घात करते. चावलेला अवयव स्थिर ठेवणे, माणसाला चालू न देणे आणि प्रतिसर्पविषाची लस मिळेल अशा दवाखान्यात विनाविलंब नेणे, एवढेच करावयाचे असते. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड ठेवून घट्ट दाबून धरावे लागते. श्वास आणि हृदय बंद पडलेल्या प्रौढ माणसाच्या छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी मिनिटाला शंभर ते एकशेवीस या गतीने, पाचेक सेंटिमीटर खोल, न थांबता दाब द्यावे लागतात. हे सारे ऐकावयास सोपे आहे. अंधारात, पावसात, नातेवाइकांच्या आक्रोशात ते हातून बिनचूक घडावे यासाठी महिनोन् महिने सराव लागतो.

शिकलेली बुद्धी काय करू शकते, याचे उदाहरण तुमच्या दारातच आहे. वरंधहून महाडकडे जाताना बिरवाडी लागते. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर हे तरुण डॉक्टर रुजू झाले. त्या काळी कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, दगावत. गंभीर रुग्णांपैकी शेकडा चाळीसच्या आसपास मरत. नशीब म्हणून लोक गप्प बसत. या डॉक्टरांनी रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी केल्या, विषाने हृदयावर आणि फुप्फुसांवर काय परिणाम होतो हे पाहिले, आणि पुढे प्राझोसिन हे रक्तदाबावरचे स्वस्त औषध वापरून हे मृत्यू शेकडा एकाच्या आसपास आणले. त्यांचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. दया अनेकांना आली असेल. मृत्यू कमी झाले ते कारण शोधल्यामुळे. दुःख आहे, दुःखाला कारण आहे आणि कारण दूर केले की दुःख दूर होते, हा आपल्या धम्माचा मूळ विचार बिरवाडीच्या खाटेवर असा खरा ठरला.

रुग्णसेवा कोणी करावी, याविषयीही महावग्गात पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता आले पाहिजे. रुग्णाला काय हितकर आणि काय अहितकर हे कळले पाहिजे. त्याने लोभाने नव्हे, मैत्रीने सेवा करावी. मलमूत्र, थुंकी, वांती उचलताना त्याला किळस वाटू नये. आणि वेळोवेळी धम्माच्या शब्दांनी रुग्णाला धीर देता यावा. क्रम पाहा. कौशल्य आणि ज्ञान प्रथम, मैत्री त्यानंतर. मैत्री कमी महत्त्वाची आहे असा याचा अर्थ करू नका. जिला कौशल्याचे हात नाहीत अशी मैत्री रुग्णाच्या उपयोगाची नसते, एवढाच अर्थ घ्या.

घराचे काय?

वडिलांचा प्रश्न पैशाचा आहे. पैशाचा प्रश्न म्हणजे क्षुद्र प्रश्न, असे बौद्धाने समजू नये. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी सिगालाला सहा दिशांची पूजा सांगितली ती आईवडील, गुरू, पत्नी-मुले, मित्र, कामकरी आणि श्रमण यांच्याविषयीच्या कर्तव्यांची. मिळकतीचे चार भाग करून एक उपभोगाला, दोन कामधंद्याला आणि एक अडचणीच्या दिवसासाठी ठेवावा, असा हिशेबही त्यात आहे. ज्या धम्माने गृहस्थाला एवढा बारीक हिशेब शिकविला, तो धम्म मुलांची शाळा बुडवून परोपकार करा असे सांगणार नाही. आपल्या समाजात शिक्षणाची ही दुसरी-तिसरी पिढी आहे. ती तुटली तर पुन्हा जोडणे सोपे नाही.

म्हणून उडी मारण्याआधी पाण्याची खोली पाहावी. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची मोफत रुग्णवाहिका सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. या गाडीवर डॉक्टर असतो आणि चालक असतो. तेव्हा ज्याच्याजवळ वैद्यकीय पदवी नाही त्याला त्या गाडीवर चालक म्हणून वाव आहे. त्यासाठी वाहन चालविण्याचा पक्का परवाना, अनुभव आणि प्रथमोपचाराचे शिक्षण हवे. ज्यांना रुग्णाजवळ बसूनच काम करावयाचे आहे त्यांच्यासाठी परिचर्येचा किंवा आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम आहे. २०२१ साली संसदेने सहायक आरोग्य व्यवसायांसाठी जो राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्याच्या यादीत हा व्यवसायही आहे. एखादी संस्था फी मागू लागली तर आधी विचारा: तुमचे प्रमाणपत्र कोणाच्या मान्यतेचे आहे? प्रत्यक्ष रुग्णालयात किती दिवस काम शिकवाल? या कामातल्या पुष्कळ जागा कंत्राटी असतात, हेही डोळसपणे ध्यानात घ्या.

मधला एक मार्गही आहे, आणि आपल्या मुलाला तो कारखान्यातच उपलब्ध आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ४५ ने दर दीडशे कामगारांमागे प्रथमोपचाराची एक पेटी आणि ती सांभाळणारा प्रशिक्षित माणूस असणे बंधनकारक केले होते. पाचशेहून अधिक कामगार असतील तर रुग्णवाहिका-कक्ष असला पाहिजे. महाडच्या वसाहतीत रसायनांचे कारखाने पुष्कळ आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये तेथील एका औषध कारखान्यात स्फोट आणि आग होऊन कामगार मृत्युमुखी पडले. तेव्हा नोकरी सोडण्यापूर्वी पेटीचा तो प्रशिक्षित माणूस व्हा. वर्षभर ते काम करा. पहिली भाजलेली कातडी पाहिल्यावर हात थरथरतात की स्थिर राहतात हे त्या वर्षात कळेल, आणि पगारही चालू राहील. मध्यम मार्ग म्हणतात तो असा.

पत्नीची भीतीही बोलून दाखवली पाहिजे. वरंध घाट भोरला जोडतो, आंबेनळी घाट महाबळेश्वरला. दरडी आणि खचलेला रस्ता यांमुळे वरंध घाट पावसाळ्यात बंद ठेवावा लागल्याचे तुम्ही अनेकदा पाहिले आहे. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली. एकतीस जणांपैकी तीस गेले. एक जण दरीतून वर चढून आला, म्हणून जगाला कळले. ते मृतदेह वर काढण्यासाठी महाबळेश्वरच्या आणि या भागातील गिर्यारोहकांनी दोर धरले. सेवा करणाराही माणूस आहे, त्यालाही दरी गिळू शकते. क्रांतिज्योती सावित्रीबाईंचा शेवट आपल्याला ठाऊक आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतरावांच्या, हडपसरजवळच्या दवाखान्यात पोचविले. मुलगा वाचला, सावित्रीबाईंना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्यांची पाठ हीच त्या काळातली आपल्या लोकांची रुग्णवाहिका होती. त्यांच्यापुढे मस्तक नमवावे. पण त्यांच्याजवळ हातमोजे नव्हते, मुखपट्टी नव्हती, प्लेगवर खात्रीचे औषध नव्हते. आज ती साधने आहेत, आणि ती न वापरणे याला त्याग म्हणता येत नाही. आधी स्वतःची जागा सुरक्षित करा, मग जखमीला हात लावा, हा या व्यवसायाचा पहिला नियम आहे. बुडणाऱ्याला वाचविताना बुडलेला माणूस दोघांनाही वाचवीत नाही. तेव्हा पतीने पत्नीला वचन द्यावे ते शौर्याचे नको, सावधगिरीचे द्यावे.

कोणाच्या दारात जाणार?

आता ज्या प्रश्नाला घरात कोणी तोंड फोडले नाही, तो घेऊ. रुग्णवाहिका ज्या दारी बोलावतील त्या दारी जाते. उद्या बोलावणे अशा घरून येईल, ज्या घरच्या आजोबाने तुमच्या आजोबाला पाणवठ्यावरून हाकलले होते. कदाचित त्या घरात आजही तुमच्यासाठी कप वेगळा असेल. तेथे जावे काय?

आपल्याशी काय झाले ते आठवा. काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त आले होते. बाबासाहेबांनी ते आपल्या आठवणींत दिले आहे. त्याची बाळंतीण पत्नी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत येण्यास तयार नव्हता. तिला वस्तीबाहेर आणले तेव्हा त्याने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिला, त्याने तो नवऱ्याला दिला, नवऱ्याने पत्नीला लावला. असा तपास करून न्यूमोनिया सांगितला, आणि पुढे बोलावले तेव्हा डॉक्टर आला नाही. ती बाई मेली. त्या डॉक्टरजवळ विद्या होती, औषध होते. माणूस तेवढा नव्हता.

ज्यांच्या वाट्याला असा डॉक्टर आला, त्यांनी कसे वागावे? चूळमालुंक्य सुत्तातील बाणाचा दृष्टान्त तुम्ही ऐकला असेल. विषारी बाण लागलेला माणूस जर म्हणू लागला की, बाण मारणारा क्षत्रिय होता की ब्राह्मण, वैश्य होता की शूद्र, हे कळल्याशिवाय मी बाण काढू देणार नाही, तर उत्तर मिळण्यापूर्वीच तो मरेल. दृष्टान्त जखमी माणसाविषयी आहे, पण बाण काढणाऱ्यालाही तो तितकाच लागू आहे. जखमेपुढे जात विचारणारा, मग तो कोणत्याही जातीचा असो, काठेवाडच्या त्या डॉक्टरच्या रांगेत जाऊन बसतो. आपण ती रांग सोडून आलो आहोत.

येथे कोणी म्हणेल की, ही तर गुलामाची क्षमा झाली. मार खावा आणि वर सेवा करावी. याचा नीट विचार करा. गुलाम सेवा करतो, कारण त्याला 'नाही' म्हणता येत नाही. भिऊन केलेली सेवा आणि तत्त्वाने केलेली सेवा बाहेरून सारखी दिसली तरी एक नव्हेत. तुम्ही त्या घरी जाता ते मान मिळावा म्हणून नव्हे, वेगळा कप सुटावा म्हणूनही नव्हे. तुम्ही जाता, कारण सर्व माणसे समान आहेत हे तुम्ही दीक्षेच्या दिवशी मान्य केले, आणि 'सर्व' या शब्दात ते घरही येते. २० मार्च १९२७ रोजी महाडमध्ये परिषदेच्या लोकांवर हल्ला झाला, तेव्हा मुसलमानांच्या घरांनी अनेकांना आसरा दिला. त्यांनी जात विचारली नव्हती. त्या दारांचे ऋण फेडावयाचे तर आपले दार, आपली गाडी आणि आपले हात सर्वांना उघडे ठेवूनच फेडता येईल.

मात्र मैत्री म्हणजे अपमान गिळणे नव्हे. रुग्णाचा जीव वाचवा; नातेवाईक जातीवरून बोलले तर रुग्ण दवाखान्यात सुखरूप पोचल्यावर रीतसर तक्रार करा. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने कराव्यात. रुग्णाच्या छातीवर दाब देताना मनात द्वेष नको, आणि तक्रार लिहिताना मनात भीती नको.

जे वाचणार नाहीत त्यांचे काय?

या कामाचे सर्वांत जड ओझे अजून सांगावयाचे आहे. पुष्कळ माणसे तुमच्या हातात मरतील. २००५ च्या जुलैमध्ये महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि दोन एस.टी. गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडात पाच मजली इमारत कोसळून सोळा जण गेले, पण ढिगाऱ्यातून सुमारे एकोणीस तासांनी एक चार वर्षांचा मुलगा जिवंत निघाला. २२ जुलै २०२१ रोजी तळीये गावावर डोंगर आला. ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. महाड पुरात होते, रस्ते बंद, फोन बंद. पहिले हात मातीत गेले ते आसपासच्या लोकांचे.

अशा वेळी काही लोक म्हणतात, ज्याचे त्याचे प्राक्तन. हा शब्द बौद्धाच्या तोंडी शोभत नाही. गतजन्मीच्या पापाने या जन्मी दुःख येते, हाच युक्तिवाद करून आपल्याला हजारो वर्षे खाली ठेवले गेले, आणि बाबासाहेबांनी तो नाकारला. दरडीखाली गेलेले बाळ कोणत्याही पापाचे फळ भोगीत नव्हते. अतिवृष्टी, खचलेला उतार, वेळेवर न मिळालेली सूचना, न पोचलेला रस्ता, ही कारणे आहेत. आणि कारणे असतात म्हणून उपायही असतात. उपायांपैकी एक म्हणजे गावागावात शिकलेले हात असणे.

तरीही सगळे वाचणार नाहीत. मेलेले बाळ कवटाळून औषध मागत फिरणाऱ्या किसा गोतमीला तथागतांनी खोटा धीर दिला नाही. ज्या घरात कोणी मेले नाही त्या घरची मोहरी आण, असे सांगून तिला तिच्याच पायांनी सत्याकडे नेले. रुग्णवाहिकेवरच्या माणसाला हे सत्य दर आठवड्याला भेटते. त्याने ते कसे सोसावे? दारूने सोसता येत नाही. रक्त पाहणाऱ्या कामांत बाटलीचा मोह मोठा असतो, आणि पाचवे शील तेथे केवळ नियम राहत नाही, ते औषध होते. उपेक्खा म्हणजे बेफिकिरी नव्हे. आपल्या हातात होते ते सर्व नीट केले, पुढचे हातात नव्हते, हे प्रामाणिकपणे ओळखून पुढच्या हाकेला ताज्या मनाने जाणे, म्हणजे उपेक्खा. त्यासाठी रोज थोडा वेळ डोळे मिटून बसावे, आणि घरच्यांनी त्याला बोलू द्यावे. कामावरून आल्यावर तो गप्प बसला तर विचारावे, "आज कोण गेलं?"

पिट्सबर्गची माणसे

हे काम खालून वर कसे येते याचे एक परदेशी उदाहरण सांगून आटोपतो. अमेरिकेत पिट्सबर्ग शहरात पूर्वी रुग्णाला पोलिसांच्या गाडीतून न्यावयाचे, वाटेत उपचार जवळजवळ नसत. हिल डिस्ट्रिक्ट ही तेथील काळ्या लोकांची गरीब वस्ती. तेथे गाडी वेळेवर येईल याची शाश्वती नसे. १९६७ साली 'फ्रीडम हाउस' या नावाने तेथे रुग्णवाहिका सेवा उभी राहिली. ज्यांना कोणी नोकरी देत नव्हते अशा त्या वस्तीतल्या काळ्या तरुणांना डॉ. पीटर साफार यांच्या मार्गदर्शनाखाली शेकडो तासांचे शिक्षण दिले गेले. रस्त्यावरच प्रगत उपचार करणाऱ्या त्या देशातल्या पहिल्या पथकांपैकी हे एक ठरले. परंतु १९७५ साली शहराने आपली स्वतःची सेवा काढून ती बंद केली, आणि त्या अनुभवी माणसांपैकी बहुतेकांना हळूहळू बाहेर पडावे लागले. ज्यांना समाजाने कचऱ्यासारखे बाजूला टाकले होते त्यांनी उत्कृष्ट विद्या कमावली, हे या उदाहरणातून घ्या. विद्या कमावूनही संघटना आणि पक्का हक्क नसेल तर दुसरे येऊन जागा घेतात, हेही घ्या. शिका, संघटित व्हा, हा बाबासाहेबांचा संदेश तेथेही खरा ठरला असता. बुद्धांच्या काळचा महावैद्य जीवक हाही जन्मतःच उकिरड्यावर टाकलेला होता. मोठा झाल्यावर तो तक्षशिलेला गेला आणि सात वर्षे शिकला. उकिरडा ते तक्षशिला हे अंतर त्याला जन्माने कापता आले नसते. ते विद्येने कापले.

तर मग वरंधच्या त्या मुलाने जावे काय?

त्याने आधी कारखान्यातली पेटी हाती घ्यावी. हात स्थिर राहिले, मन टिकले, मुलांच्या शिक्षणापुरती शिल्लक बाजूला पडली, मान्यतेचे शिक्षण मिळाले आणि पत्नीने मनापासून होकार दिला, तर त्याने खुशाल जावे. त्याची आजीविका सम्यक आहे. यांतले एक जरी नसेल तर त्याने थांबावे, आणि थांबण्याची लाज बाळगू नये. कारखान्यात प्रामाणिकपणे घाम गाळणारा उपासकही धम्माच्याच वाटेवर आहे.

पण जो जाणार नाही त्यालाही, आणि तुम्हां सर्वांना, एक काम उरते. पावसाळ्यापूर्वीच्या एका रविवारी वंदना झाल्यावर आरोग्य केंद्रातील परिचारिकेला किंवा डॉक्टरांना विहारात बोलवा आणि दोन तास प्रथमोपचार शिका. आयाबहिणींनी पुढे बसावे. वस्तीत गाडी कोणाकडे आहे, रात्री कोण चालवील, रस्ता तुटला तर डोली कोण उचलील, याची यादी भिंतीवर लावा. अपघातग्रस्ताला मदत केली तर पोलिसांचे लचांड मागे लागेल या भीतीने मागे सरू नका; २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले आहे आणि सद्भावनेने मदत करणाऱ्याला ते संरक्षण देते. आणि कोणतेही रुग्णालय तातडीच्या रुग्णाला उपचाराशिवाय परत पाठवू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगून ठेवले आहे.

ती यादी येत्या रविवारीच करा. पाऊस थांबून राहणार नाही.

जय भीम!